घड्याळ अचानक पुढं पळतंय? दुकानात जायच्या आधी होकायंत्र काढा

गेल्या पावसाळ्यात माझं ऑटोमॅटिक घड्याळ दिवसाला चार-चार मिनिटं पुढं जायला लागलं. आधी कळलंच नाही, उलट दोन दिवस मी बसस्टॉपवर वेळेआधी पोचलो आणि घरात माझं कौतुक झालं. तिसऱ्या दिवशी बघतो तर फोनमधे आठ चाळीस आणि मनगटावर आठ बावन्न. मग एका बऱ्यापैकी चकचकीत दुकानात दाखवलं, तिथल्या माणसाने घड्याळ कानाला लावलं, काउंटरवर ठेवलं आणि सांगितलं की मशीन पूर्ण खोलावं लागेल, सर्व्हिसिंग, अडीच हजार, दहा दिवस. मी "बघतो" म्हणून निघालो.

मग एका मित्राने पुण्यात रविवार पेठेतल्या एका बोळातल्या घड्याळवाल्या काकांकडे पाठवलं. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि काका. त्यांनी मागचं झाकण उघडलंसुद्धा नाही. ड्रॉवरमधून शाळेतलं असतं तसलं छोटं होकायंत्र काढलं, घड्याळ त्याच्याजवळ नेलं, सुई गर्रकन वळली. "साहेब, मॅग्नेट बसलाय. रात्री काढून कुठं ठेवता?" मी म्हटलं, दाराजवळ एक वाटी आहे, त्यात किल्ल्या, इअरबड्सची डबी आणि घड्याळ, सगळं एकत्र. काका नुसते हसले. एका निळ्या डबीवर घड्याळ ठेवून बटण दाबलं, हळूच वर उचललं, झालं. पन्नास रुपये घेतले, आणि तेही मी विचारल्यावर.

तेव्हापासून जो कोणी नवीन मेकॅनिकल घड्याळ घेतो किंवा आजोबांच्या कपाटातून जुनं एचएमटी काढून वापरायला लागतो त्याला मी हेच सगळं सांगत बसतो, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

आधी एवढं समजून घ्या की आत नेमकं काय बिघडतं

चावीचं किंवा ऑटोमॅटिक घड्याळ चालतं ते बॅलन्स व्हीलवर. हे छोटं चाक इकडून तिकडं झोके घेत असतं आणि प्रत्येक झोक्यानंतर त्याला परत आणते ती हेअरस्प्रिंग, म्हणजे केसाएवढ्या पातळ पट्टीची जिलबीसारखी गुंडाळी. जुन्या एचएमटी जनता-पायलटमधे हे तासाला १८,००० ठोके असतात, म्हणजे सेकंदाला ५, सेइको ५ सारख्यांत तासाला २१,६००, म्हणजे सेकंदाला ६. सगळी वेळ या झोक्यांवरच मोजली जाते.

आता ही स्प्रिंग मॅग्नेटाइज झाली, म्हणजे तिच्यातच चुंबकत्व आलं (काकांच्या भाषेत "मॅग्नेट बसला"), की तिचे वेढे एकमेकांना ओढायला लागतात, कधी कधी अक्षरशः चिकटतात. दोन वेढे चिकटले की स्प्रिंगची कामाची लांबी कमी झाली, आणि झोपाळ्याच्या साखळ्या आखूड केल्या की तो जसा पटापटा हलायला लागतो तसं बॅलन्स जोरात हलायला लागतं. घड्याळ पुढं पळतं. दिवसाचे ८६,४०० सेकंद असतात, त्यात एक मिनिट म्हणजे हजारात एकसुद्धा भाग नाही, त्यामुळे स्प्रिंगमधे अगदी किंचित गडबड झाली तरी आपल्याला ती मिनिटांत दिसते. क्वचित उलटंही होतं, घड्याळ मागं पडतं किंवा थांबतं, पण बहुतेक वेळा तक्रार "फास्ट जातंय" हीच असते.

मग स्प्रिंग लोखंड असलेल्या धातूची करतातच कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. कारण साधं आहे. साध्या पोलादाची स्प्रिंग उन्हात मऊ पडते आणि थंडीत ताठ होते, म्हणजे घड्याळ एप्रिलमधे एक वेळ दाखवणार आणि डिसेंबरमधे दुसरी. शार्ल गिय्योम नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने लोखंड आणि निकेलचे असे मिश्रधातू शोधले की ज्यांच्यावर तापमानाचा फारसा परिणाम होत नाही, त्यासाठी त्याला १९२० सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आजच्या बहुतेक घड्याळांच्या स्प्रिंगा त्याच घराण्यातल्या. उन्हाचा प्रश्न सुटला, पण लोखंड-निकेल म्हटल्यावर चुंबकाचं थोडंफार नातं राहिलंच.

पहिली पायरी: खरंच पुढं पळतंय का ते मोजा

हे बरेच जण करतच नाहीत, "मला वाटतं फास्ट आहे" यावरच दुकान गाठतात. सकाळी चहाच्या वेळी घड्याळाला पूर्ण चावी द्या (ऑटोमॅटिक असेल तर मुगुट, म्हणजे बाजूची चावीची खुंटी, फिरवून वीस-पंचवीस वेढे द्या), फोनच्या वेळेशी ताडून किती सेकंदांचा फरक आहे तो लिहून ठेवा. घड्याळ जुळवायची गरज नाही, फक्त फरक लिहायचा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत लिहा. असं तीन दिवस.

काय नॉर्मल आणि काय नाही, हे घड्याळावर अवलंबून आहे. सेइकोचं एनएच३५ मशीन आज ढीगभर घड्याळांत असतं, त्याची कंपनीनेच सांगितलेली मर्यादा दिवसाला २० सेकंद मागं ते ४० सेकंद पुढं अशी आहे, म्हणजे तुमचं दिवसाला २५ सेकंद पुढं जात असेल तर ते बिघडलेलं नाही, ते तसंच आहे, शांत बसा. बघायचं असतं ते अचानक झालेला बदल. महिनाभर १० सेकंदांवर असलेलं घड्याळ एका रात्रीत दोन मिनिटांवर गेलं, तर संशय मॅग्नेटवर घ्यायचा. हळूहळू महिनोनमहिने बिघडत गेलं असेल तर ते तेल सुकणं, मळ बसणं असलं काहीतरी असतं आणि त्याला सर्व्हिसिंगच लागतं.

अचानक फास्ट व्हायला मॅग्नेट सोडून आणखी एक मोठं कारण असतं, ते म्हणजे आपटणं. घड्याळ फरशीवर पडलं आणि स्प्रिंगचा एक वेढा दुसऱ्यात अडकला तरी लक्षणं अगदी हीच. म्हणून पुढची पायरी.

दुसरी पायरी: होकायंत्र

खरं होकायंत्र आणा, सुईवालं. अप्पा बळवंत चौकात शालेय साहित्याच्या दुकानात प्रयोगाचं छोटं होकायंत्र मिळतं, ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानातही असतं. भारीतलं नको. उलट छोटी हलकी सुई जास्त पटकन हलते, तीच बरी.

लाकडी टेबलावर ठेवा. टेबल लोखंडी नको, जवळ फोन नको, लॅपटॉप नको, स्टीलचा चहाचा कपही बाजूला करा. सुई स्थिर झाली की घड्याळ पूर्व किंवा पश्चिमेच्या बाजूने, म्हणजे सुईच्या कुशीतून, हळूहळू जवळ आणा. आणि आता खरी मेख ही आहे, सुई हलली म्हणून लगेच "मॅग्नेट आहे" असं म्हणायचं नाही. घड्याळात लोखंडी भाग असतात, पट्ट्याच्या पिनाही पोलादी असतात, आणि कुठल्याही लोखंडाकडे सुई थोडी ओढली जातेच. म्हणून घड्याळ तिथल्या तिथे गोल फिरवत बघायचं. सुईचं एकच टोक, समजा लाल, एका स्थितीत घड्याळाकडे ओढलं गेलं आणि घड्याळ अर्धं फिरवल्यावर तेच टोक लांब ढकललं गेलं, तर घड्याळात मॅग्नेट बसलाय. नुसतं लोखंड फक्त ओढतं, ढकलत कधीच नाही. शाळेत सातवी-आठवीत हे शिकवलं होतं, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो.

स्टीलचा पट्टा असेल तर तो उघडून लांब पसरा आणि फक्त डायलचा भाग होकायंत्राजवळ न्या, कारण कधी कधी पट्ट्याचं कुलूपच मॅग्नेटाइज झालेलं असतं आणि मशीन बिचारं ठणठणीत असतं.

फोनमधलं कंपास अॅप चालतं का? चालतं, पण अर्धवट. फोनमधे मॅग्नेटोमीटर असतो, फायफॉक्स नावाचं जर्मनीच्या आखेन विद्यापीठाचं फुकट अॅप आहे, त्यात सरळ मायक्रोटेस्लामधे, म्हणजे चुंबकाचा जोर मोजायच्या एककात, आकडा दिसतो. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं, आपल्याकडे चाळिशीच्या आसपास. घड्याळ जवळ आणल्यावर आणि फिरवल्यावर तो आकडा उड्या मारायला लागला तर संशय पक्का. पण विनोद असा की तपासायला तुम्ही घड्याळ ज्या फोनजवळ नेताय त्यातच मॅग्नेट आहेत, विशेषतः ज्या फोनच्या पाठीला चार्जर चिकटतो (आयफोन १२ पासून पुढच्या बहुतेक आयफोनांत असलं गोल मॅग्नेट असतं) त्याच्या पाठीला घड्याळ टेकवून "तपासलं" तर आधी नसलेला मॅग्नेट तपासणीतच बसायचा. म्हणून मी सुईच्या होकायंत्रावरच आहे.

होकायंत्र काहीच म्हणत नसेल आणि घड्याळ तरीही मिनिटांनी पुढं पळत असेल, तर ते आपटलेलं असण्याची शक्यता धरा आणि कारागिराकडे न्या, घरी काही करू नका.

तिसरी पायरी: मॅग्नेट काढणं

पहिल्यांदा मी म्हणेन की कारागिराकडूनच करून घ्या. पेठांमधे, लक्ष्मी रोडच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत जुने घड्याळजी अजून आहेत आणि बहुतेकांकडे ते यंत्र असतं. जाऊन एवढंच म्हणायचं, "काका, मॅग्नेट बसलाय का बघता का, असेल तर डिमॅग करून द्या." म्हणजे समोरच्यालाही कळतं की तुम्हाला थोडंफार माहितीय. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा, मॅग्नेट तपासायच्या आधी रेग्युलेटरला हात लावू नका. घड्याळ फास्ट आहे म्हणून आतली ती छोटी दांडी सरकवून स्लो करून दिलं तर दोन दिवस बरं वाटतं, पण नंतर कधी मॅग्नेट निघाला की तेच घड्याळ दिवसाला काही मिनिटं मागं पडायला लागतं आणि मग तुम्ही परत त्याच्याच दारात.

घरात दोन-चार मेकॅनिकल घड्याळं असतील तर स्वतःचं डिमॅग्नेटायझर घेणं परवडतं. निळ्या प्लॅस्टिकची डबी, वर एक बटण, मागून वायर. ऑनलाइन हजार रुपयांच्या आत मिळते. घेताना खालचं लेबल वाचा, २२०-२३० व्होल्टचीच हवी, ११० वाली आपल्या सॉकेटला लावली तर कॉइल जळायची.

आत काय होतं ते कळलं की चूक होत नाही. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० वेळा झोके घेते, त्यामुळे डबीच्या कॉइलमधलं मॅग्नेटही सतत उलटसुलट होत राहतं. घड्याळ त्यावर असताना स्प्रिंगला कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने ओढलं जातं, आणि तुम्ही घड्याळ हळूहळू लांब नेलं की प्रत्येक उलटापालट आधीच्यापेक्षा थोडी कमजोर होत जाते आणि शेवटी शून्यावर येते. झोपाळा आपोआप थांबू द्यायचा, मधेच धरायचा नाही, तसंच. जुन्या टीव्हीची आठवण असेल तर चालू करताना "ठुंमम" असा आवाज येऊन चित्र थरथरायचं ना, तेसुद्धा हेच होतं, पडद्यामागचा मॅग्नेट काढायची कॉइल. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत टीव्ही दुरुस्त करून म्हातारे झालेले लोक हे तुम्हाला झोपेतही सांगतील.

आता कृती. टेबलावरून बाकीची घड्याळं, बँकेची कार्डं, इअरबड्स हटवा. घड्याळ डायल वर करून डबीवर ठेवा. बटण दाबा, लाल दिवा लागतो. मनात "एक" म्हणा. बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ सरळ वर उचलायला लागा, हळू, चार-पाच सेकंदांत हात लांब करून दीड-दोन फूट वर न्या. आणि मग बटण सोडा. क्रम चुकवू नका, घड्याळ डबीवर असतानाच बटण सोडलं तर त्या क्षणी मॅग्नेट ज्या बाजूला असेल त्या बाजूचा ठसा स्प्रिंगवर राहतो आणि आधीपेक्षा वाईट होतं. मी पहिल्यांदा घरी केलं तेव्हा हेच केलं आणि होकायंत्राची सुई आधी हलत होती त्याच्या दुप्पट हलायला लागली, पाच मिनिटं घाम फुटला, मग नीट केल्यावर गेलं. तेवढा एक दिलासा आहे, ही चूक परत केल्याने सुधारते.

एकदा झालं की घड्याळ पाव वळण फिरवून परत करा, मग उभं धरून एकदा. होकायंत्रावर तपासा. तीन-चार वेळांपेक्षा जास्त सलग नको, डबी तापते, बटण तर मिनिटभर दाबून धरायचंच नाही. आणि मग परत ती तीन दिवसांची वही.

यात ज्या चुका होतात त्या सगळ्या एकदाच सांगून टाकतो. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मॅग्नेट करायचा-काढायचा एक प्लॅस्टिकचा ठोकळा मिळतो, दोन भोकं असलेला, त्यावर इंग्रजीत डिमॅग्नेटायझर असंही लिहिलेलं असतं, पण त्यात कायमचं चुंबक असतं, घड्याळ त्याच्याजवळपाससुद्धा नेऊ नका. सेलचं क्वार्ट्झ घड्याळ किंवा स्मार्टवॉच निळ्या डबीवर ठेवू नका, क्वार्ट्झच्या मोटरमधे छोटं चुंबक असतं आणि ते तिथंच हवं असतं. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्या व्यक्तीने ही डबी वापरू नये आणि ती चालू असताना जवळही बसू नये. आणि हो, तांदळाच्या डब्यात घड्याळ ठेवून मॅग्नेट जात नाही. मला हे एका सुशिक्षित माणसाने सुचवलंय.

चौथी पायरी: मॅग्नेट येतो कुठून

इथं लोक दोन टोकांना असतात, काहींना वाटतं मायक्रोवेव्हपासून मेट्रोपर्यंत सगळंच धोकादायक, आणि काहींना वाटतं हे सगळं थोतांड. दोन्ही नाही, सगळा खेळ अंतराचा आहे. छोट्या मॅग्नेटचा जोर अंतराच्या घनाने कमी होतो, म्हणजे अंतर दुप्पट केलं की जोर साधारण आठवा हिस्सा, तिप्पट केलं की सत्ताविसावा. मॅग्नेटला चिकटून ठेवलेलं घड्याळ आणि त्याच्यापासून एक वीतभर लांब ठेवलेलं घड्याळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आपल्या आजोबांना हा त्रास एवढा का नव्हता, तर त्यांच्या घरात मॅग्नेटच कमी होते, फार तर रेडिओचा स्पीकर, आणि तो कपाटावर. १९८० च्या दशकात निओडिमियमचे मॅग्नेट आले आणि नखाएवढ्या तुकड्यात भयंकर जोर मावायला लागला, त्यामुळे आता ते दिसत नाहीत पण सगळीकडे असतात. फ्रिजवर चिकटवायचं लवचिक स्टिकर पन्नास-शंभर गॉसच्या (हेही चुंबकाचा जोर मोजायचं एकक) घरात असतं, निओडिमियमला अगदी चिकटून मोजलं तर आकडा हजाराच्या वर सहज जातो. साध्या "मॅग्नेट रेझिस्टंट" घड्याळाने आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएसओ ७६४ प्रमाणे, ४,८०० अँपिअर प्रति मीटर सोसायचं असतं, ते होतात साधारण ६० गॉस. आकडे शेजारी ठेवून बघा म्हणजे कळेल.

आता घरात कुठं बघायचं. इअरबड्सची डबी माझ्या यादीत पहिली, कारण झाकण बंद ठेवायला मॅग्नेट, बड्स आत ओढून घ्यायला मॅग्नेट, चार्जरला चिकटायला मॅग्नेट, आणि आपण ती नेमकी घड्याळाच्या शेजारी ठेवतो. मग फोनचं ते चिकटणारं चार्जर, पाकीट किंवा रिंग. टॅबलेटचं कव्हर, जे टपकन चिकटतं. तुळशीबागेतल्या पर्सची मॅग्नेटवाली बटणं, बायका लग्नकार्यात घड्याळ काढून पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात टाकतात, ते नेमकं बटणाला टेकून बसतं. कपाटाच्या आणि ड्रॉवरच्या दाराचे मॅग्नेट. ब्लूटूथ स्पीकर. कारमधला किंवा अॅक्टिव्हाच्या हँडलवरचा चिकटणारा मोबाइल होल्डर. जाळीदार धातूचा तो मॅग्नेटने बंद होणारा पट्टा स्मार्टवॉचला असेल आणि दोन्ही घड्याळं एकाच बॉक्समधे शेजारी झोपत असतील, तर तेही.

लॅपटॉपबद्दल वेगळं सांगतो कारण हिंजवडी-खराडीवाली अर्धी जनता याच्यात सापडते. झाकण बंद झालंय हे कळायला बऱ्याच लॅपटॉपच्या कडेला मॅग्नेट असतात आणि कीबोर्डच्या बाजूला किंवा खाली स्पीकर. टाइप करताना डावं मनगट नेमकं त्यावर टेकतं, तेही दिवसाला नऊ तास. प्रत्येकाचं घड्याळ यामुळे बिघडतंच असं नाही, मॅग्नेट कुठं आहेत ते मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून तेच होकायंत्र आणा आणि लॅपटॉपवरून फिरवा, सुई जिथं वेड्यासारखी फिरते तिथं मनगट टेकवू नका. मी माझ्या लॅपटॉपच्या त्या जागी पेन्सिलने एक छोटी फुली मारलीय. ऑफिसात सगळे विचारतात.

हे होकायंत्र घेऊन घरभर फिरणं खरंच करा, मुलं असतील तर त्यांनाच कामाला लावा, अर्ध्या तासात घराचा नकाशा तयार होतो आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा वेगळीच ठिकाणं निघतात. आमच्याकडे टीव्हीखालच्या ड्रॉवरमधे काहीच नाही निघालं, पण देवघराच्या छोट्या दाराला मॅग्नेट निघाला, जिथं वडील रोज पूजेच्या आधी घड्याळ काढून ठेवायचे.

इंडक्शन शेगडी चालू असताना घड्याळाचा हात भांड्याच्या अगदी जवळ नको, एवढं पुरे. मिक्सर, पंखा, वॉशिंग मशीन, यांच्यापासून आपण तसंही लांबच असतो. मेट्रो स्टेशनच्या आणि विमानतळाच्या मेटल डिटेक्टरमधून घड्याळ घालून खुशाल जा. एमआरआयच्या खोलीत मात्र घड्याळ कधीही नाही, तिथं १.५ किंवा ३ टेस्ला म्हणजे १५,००० ते ३०,००० गॉस असतात आणि ते मशीन तुमचा स्कॅन चालू नसतानाही चालूच असतं. पेशंटबरोबर नुसतं आत सोडायला गेलात तरी बाहेर काढून जा.

वीज आणि चुंबक यांची ही भानगड जुनीच आहे, मुंबईत ट्रामला वीज येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतलं पृथ्वीच्या चुंबकत्वाचं मोजमाप बिघडेल म्हणून मूस नावाच्या संचालकांनी १९०४ साली ते काम अलिबागला हलवलं, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत. अलिबागला समुद्रावर जाताना आपण त्याच्या शेजारून जातो. त्यांनी ट्रामपासून समुद्र ओलांडला, आपल्याला इअरबड्सपासून एक वीत जायचंय.

पाचवी पायरी: रात्रीची जागा ठरवा

मला विचाराल तर अख्ख्या लेखातली ही एकच पायरी केली तरी चालेल. दिवसा घड्याळ मनगटावर असतं, फोन क्षणभर जवळ येतो आणि जातो. फोन हातात घेऊन बोलल्याने घड्याळ बिघडत नाही, नाहीतर एव्हाना पुण्यात एकही घड्याळ धड चाललं नसतं. रात्री मात्र ते आठ तास एका जागी पडून असतं, आणि ती जागा म्हणजे नेमकी फोन चार्ज होतो ती.

सेइकोच्या माहितीपुस्तिकेत दिलेला हिशोब मला सोपा वाटतो. काहीच खूण नसलेलं घड्याळ मॅग्नेटच्या वस्तूपासून १० सेंटिमीटर तरी लांब, ४,८०० वालं ५ सेंटिमीटर. वीत म्हणजे वीसेक सेंटिमीटर, म्हणून मी सगळ्यांना वीतच सांगतो, मोजायला पट्टी लागत नाही आणि दुप्पट अंतर मिळतं. घड्याळासाठी वेगळी लाकडी ताटली किंवा डबी ठेवा, चार्जिंगच्या जागेपासून लांब, शक्यतो दुसऱ्या कप्प्यात. घड्याळाचा बॉक्स विकत घेत असाल तर त्याचं झाकण कशाने बंद होतं ते बघा, मी दुकानात बघितलेल्या छान छान बॉक्सपैकी निम्म्यांना मॅग्नेटचं झाकण होतं, घड्याळाच्या बॉक्सला! कागदात गुंडाळणं, अॅल्युमिनियम फॉइल, चामड्याची थैली, यातलं काहीही मॅग्नेट अडवत नाही.

नवीन घ्यायचं असेल तर

जुन्या एचएमटीच्या डायलवर "पॅरा शॉक" लिहिलेलं असतं, ते धक्क्यासाठी आहे, मॅग्नेटसाठी नाही. जुन्या स्विस घड्याळांवर "अँटीमॅग्नेटिक" लिहिलेलं दिसतं, ते त्या काळच्या मॅग्नेटच्या हिशोबाने खरंही असेल, पण त्यावर विसंबून ते इअरबड्सशेजारी ठेवू नका. जपानी घड्याळांच्या मागच्या झाकणावर कधी घोड्याच्या नालेसारखी चुंबकाची छोटी खूण असते, ती बघा.

मॅग्नेट थोपवायचे दोन रस्ते आहेत. जुना रस्ता म्हणजे मशीनभोवती मऊ लोखंडाची डबी, १९५५ चं आयडब्ल्यूसी इंजिनिअर आणि १९५६ चं रोलेक्स मिलगॉस, ज्याच्या नावातच हजार गॉस आहे, हे दोन्ही असेच. त्यात मागून काचेतून मशीन बघायची मजा जाते. नवा रस्ता म्हणजे स्प्रिंगच अशी करायची की मॅग्नेटला दादच देणार नाही, सिलिकॉनची किंवा टायटॅनियमवर आधारलेली निवाक्रॉन. ओमेगाने २०१३ मधे १५,००० गॉस सोसणारं घड्याळ दाखवलं ते याच वाटेने. एवढं बजेट नसेल तर टिसोच्या बऱ्याच नव्या पॉवरमॅटिक ८० घड्याळांत निवाक्रॉन स्प्रिंग येते, पण सगळ्या मॉडेलमधे नाही, दुकानात स्पष्ट विचारा आणि माहितीपत्रकात लिहिलेलं दाखवायला सांगा.

पण नुसत्या मॅग्नेटच्या भीतीने महाग घड्याळ घेऊ नका. साध्या घड्याळात मॅग्नेट बसला तरी तो कायमचं नुकसान करत नाही, पन्नास रुपयांत जातो. माझं ते चार मिनिटंवालं घड्याळ सध्या दिवसाला १२ सेकंद पुढं आहे, वडिलांचं एचएमटी ३५ सेकंद मागं, पण ते देवघराचं दार सोडून आता खिडकीत ठेवतात आणि त्यांना ३५ सेकंदांचं काही पडलेलं नाही, रोज सकाळी चावी देताना ते तसंही सातच्या बातम्यांशी जुळवून घेतात.